देठ राखून उचललेली कातडी

१७९४ साली लंडनच्या एका मासिकात पुण्याजवळ झालेल्या शस्त्रक्रियेची हकिगत छापून आली. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला, विटा पाडणाऱ्या समाजातील एका जाणकाराने कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसवून दिले होते. कातडी उचलताना त्याने भुवयांमधला चिंचोळा देठ राखला आणि नाक रुजल्यावर, सुमारे २५ दिवसांनी, तो कापला. त्या देठातून रक्त येत राहिले, म्हणून कातडी जगली. डोक्यावरची मोठी जखम झाकताना आजचे प्लास्टिक सर्जनही आधी हाच रक्तपुरवठा पाहतात.

शरीररचनाशास्त्र कपाळालाही डोक्याच्या त्वचेतच धरते. या आवरणाचे थर पाच: वर केसाळ कातडी, खाली घट्ट तंतूंचा थर, मग गेलिया हा चिवट पडदा, त्याखाली सैल थर आणि शेवटी कवटीला लगटलेले अस्थिआवरण. रक्तवाहिन्या दुसऱ्या थरात असतात. तेथील तंतू त्यांची तुटलेली तोंडे मिटू देत नाहीत. म्हणूनच दुचाकीवरून पडून डोक्याला लहानशी खोक पडली, तरी अंगावरचे कपडे भिजतात आणि जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावी लागते.

चौथा थर सैल असल्याने उसाच्या चरकात किंवा गिरणीच्या पट्ट्यात वेणी अडकली, तर अस्थिआवरण मागे ठेवून सगळी कातडीच सुटून येते. हा अपघात भयंकर आहे. पण सुटलेली कातडी ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून, पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फावर ठेवून लवकर आणली, तर सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडून ती पुन्हा बसवता येण्याची आशा असते. असे पहिले यश १९७६ साली नोंदले गेले.

साधारण ३ सेंटिमीटरपर्यंतची जखम कडा मोकळ्या करून शिवता येते. त्याहून मोठी असल्यास शेजारची कातडी देठासह फिरवून आणतात. मात्र गेलिया ताणत नाही, त्यामुळे हा फ्लॅप जखमेच्या कित्येक पट मोठा आखावा लागतो आणि गेलियाला आतून, वरची रक्तवाहिनी जपत, आडव्या चिरा द्याव्या लागतात. अस्थिआवरण शाबूत असेल तर त्यावर मांडीची पातळ त्वचा रुजते, उघड्या हाडावर मात्र ती तग धरत नाही. रुजली, तरी तिथे केस उगवत नाहीत. केसाळ भाग हवा असल्यास शेजारच्या कातडीखाली फुगा ठेवून, त्यात आठवड्यागणिक थोडे थोडे खारे पाणी भरून ती हळूहळू वाढवतात. तिथेही छेद केसांच्या मुळांच्या तिरकेपणाला समांतर घेतात, नाहीतर टाक्यांच्या रेषेवर टक्कल राहते.