एएसटी२६००: नव्या बीएमसीवर लिनक्स चढवताना

[दृश्य: बंद सर्व्हर. मदरबोर्डच्या कोपऱ्यात लुकलुकणारा हिरवा दिवा.]

सर्व्हर बंद आहे, पंखेही थांबलेत. पण वीज आहे तोवर मदरबोर्डवरची ही एक चिप जागीच असते: बीएमसी, म्हणजे बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर. तापमानावर नजर ठेवणं, पंख्यांचा वेग ठरवणं, दूर बसून सर्व्हर चालू-बंद करू देणं ही तिची कामं. तिच्यावरही बहुधा लिनक्सच चालतं. तैवानच्या अ‍ॅस्पीड कंपनीच्या एएसटी२५०० मध्ये एआरएम११ चा एकच कोअर होता. एएसटी२६०० मध्ये कॉर्टेक्स-ए७ चे दोन आले. २०१९ मध्ये या चिपसाठीचा कोड लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, दाखल होऊ लागला.

यात सीपीयूचं काम सर्वांत सोपं. कॉर्टेक्स-ए७, त्याचा टायमर, इंटरप्ट कंट्रोलर कर्नलच्या ओळखीचेच. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये, पत्ते नीट भरले की झालं. पहिली ठेच लागते कन्सोलला, म्हणजे कर्नलचे संदेश दिसतात तिथे. कन्सोल असतो युआर्ट ५ या सीरियल पोर्टवर, पण लिनक्स मोजतो शून्यापासून. म्हणून कर्नलला बूटच्या वेळी दिल्या जाणाऱ्या कमांड लाइनमध्ये टीटीवायएस४, वेग ११५२००. चुकून ५ लिहिलं, तर कर्नल मजेत चालतो आणि पडद्यावर पुढे अक्षर उमटत नाही. आधी अर्लीकॉन, म्हणजे बूटच्या सुरुवातीपासून संदेश दाखवणारा कन्सोल, चालू करून घ्यावा.

[दृश्य: पडद्यावर दोन रजिस्टरं शेजारी शेजारी.]

खरी डोकेदुखी क्लॉकची, म्हणजे चिपच्या प्रत्येक भागाला ताल देणाऱ्या सिग्नलची. २५०० मध्ये क्लॉक-गेटचं (क्लॉक चालू-बंद करणाऱ्या फाटकाचं) रजिस्टर एकच: वाचा, बिट बदला, परत लिहा. २६०० मध्ये जोडी असते. पहिल्यात १ लिहिला की क्लॉक थांबतो. चार बाइट पुढच्या रजिस्टरमध्ये तोच १ लिहिला की सुरू होतो. जुना ड्रायव्हर (हार्डवेअर हाताळणारा कोड) नाव बदलून चिकटवला, तर तो पहिल्याच रजिस्टरमध्ये शून्य लिहितो, आणि इथे शून्याला काही किंमत नाही. क्लॉक बंद होतो, पण पुन्हा चालू होत नाही.

क्लॉक सुरू करतानाचा क्रमही सांभाळावा लागतो. ज्या भागाचा क्लॉक आहे, तो भाग आधी रीसेटमध्ये धरायचा, १०० मायक्रोसेकंद थांबायचं, क्लॉक सुरू करायचा, १० मिलिसेकंदांनी रीसेट सोडायचा.

याहून फसवा प्रकार बूटच्या अगदी शेवटी दिसतो. ज्या क्लॉकवर कुठल्याच ड्रायव्हरने हक्क सांगितलेला नाही, तो कर्नल बंद करून टाकतो. त्यात चिपच्या भागांना जोडणाऱ्या ‘बस’ला लागणारा एखादा सापडला की बोर्ड जागच्या जागी गोठतो. ना एरर, ना ऊप्स (कर्नलची चूक सांगणारा संदेश). कमांड लाइनला ‘क्लॉक इग्नोर अनयूझ्ड’ देऊन पाहावं. बूट पूर्ण झालं, तर चोर क्लॉकच्या तक्त्यातच आहे: त्या ओळीला ‘क्रिटिकल’ खूण हवी. तो पर्याय कायमचा ठेवून देणं मात्र निव्वळ चालढकल.

मूळ कर्नलसाठी पॅच (कोडमधले बदल) पाठवताना बाइंडिंगची, म्हणजे डिव्हाइस ट्रीमध्ये काय लिहायचं ते ठरवणारी, यामल फाइल वेगळी आणि ड्रायव्हरच्या आधी.

हार्डवेअरची नक्कल करणाऱ्या क्यूईएमयूमध्ये एएसटी२६०० चा बोर्ड तयार मिळतो, सुरुवातीला तो पुरतो. पण तिथे गेट बंद केला तरी नकली युआर्ट बोलतच राहतो. क्लॉकची परीक्षा खऱ्या बोर्डावरच घ्यावी.