रोध मोजायचा तो करंट चालू असताना

मंडळी, व्होल्टेजला करंटने भागलं की रोध मिळतो आणि दोघांचा गुणाकार केला की शक्ती. हे आपल्याला शाळेतच शिकवलेलं असतं. एक उदाहरण पटकन करून टाकू. 230 व्होल्टवर एखादा हीटर 8.7 अँपिअर करंट घेतोय. भागाकार केला, रोध आला सुमारे 26.4 ओहम. गुणाकार केला, शक्ती आली दोन हजार वॅट. झालं गणित. मला बोलायचंय ते या उत्तरांच्या अर्थाबद्दल, कारण गफलत होते ती तिथे.

टंगस्टनच्या तारेचा जुना पिवळा बल्ब घ्या. त्यावर छापलेलं असतं: 230 व्होल्ट, 60 वॅट. साठला 230 ने भागलं की करंट येतो 0.26 अँपिअर, आणि त्यावरून रोध निघतो साधारण 880 ओहम. आता तोच बल्ब होल्डरमधून काढा, थंड होऊ द्या आणि मल्टिमीटर लावा. मीटर दाखवेल साठ-सत्तर ओहम. मीटर बिघडलेला नाही आणि सूत्रही चुकलेलं नाही. पेटलेल्या बल्बची तार सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसला तापलेली असते, आणि धातू तापला की त्याचा रोध वाढतो. म्हणून बटण दाबल्याच्या क्षणी, तार थंड असताना, बल्ब नेहमीच्या दहापटीहून जास्त करंट ओढतो. असे बल्ब बहुधा लावतानाच का उडायचे, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

तेव्हा भागाकारातून येणारा रोध त्या क्षणाचा असतो, त्या तापमानाचा असतो. व्होल्टेज आणि करंट दोन्ही एकाच वेळी, उपकरण चालू असताना मोजायला हवेत.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांची अडचण याच जातीची होती. त्यांच्या काळातल्या बॅटऱ्यांचा दाब, म्हणजे व्होल्टेज, प्रयोग चालू असतानाच उतरत जायचा. मग तार बदलल्यामुळे करंट बदलला की बॅटरी उतरल्यामुळे, हे ठरवणार कसं? त्यांनी बॅटरी बाजूला ठेवली. तांबं आणि बिस्मथ या दोन धातूंचे सांधे घेतले, एक उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. अशा सांध्यांच्या तापमानात फरक असला की विजेचा दाब तयार होतो. तापमानातला फरक कायम, म्हणून दाबही कायम. 1826 च्या या मोजमापांतून व्होल्टेज, करंट आणि रोध यांना जोडणारा नियम हाती आला आणि 1827 मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला. मला त्या समीकरणापेक्षाही ही युक्ती मोठी वाटते. आधी एक राशी स्थिर करायची आणि मगच दुसरीबद्दल बोलायचं.

हे विसरलं की विद्यार्थी हमखास अडकतात. शक्तीची दोन सूत्रं बघा. एकात करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे रोध वाढला की शक्ती वाढणार. दुसऱ्यात व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध, म्हणजे रोध वाढला की शक्ती घटणार. मग खरं कोणतं? दोन्ही खरी. फक्त विचारा, कायम काय आहे?

घरातल्या जोडणीत सगळी उपकरणं समांतर असतात, प्रत्येकाला तेच व्होल्टेज. तिथे ज्याचा रोध कमी, तो जास्त वॅट खातो. 60 वॅटच्या बल्बचा रोध 880 ओहम, तर 100 वॅटच्या बल्बचा 530 च्या आसपास. आता हेच दोन बल्ब एकापुढे एक, एकसर जोडा. दोघांतून वाहणारा करंट एकच. आता डाव उलटतो आणि 60 वॅटचा बल्ब 100 वॅटच्या बल्बापेक्षा जास्त उजळतो. शक्य असेल तर जाणकार माणसाला सोबत घेऊन प्रयोगशाळेत हे एकदा बघाच. डोळ्यांनी बघितलं की कायमचं लक्षात राहतं.

एक इशारा देऊन पुढे जातो. मोटर, पंखा अशा ठिकाणी एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेच्या, व्होल्टेज आणि करंट यांचा नुसता गुणाकार म्हणजे वॅट नव्हेत. दोघांच्या लाटा मागेपुढे असतात, त्यामुळे पॉवर फॅक्टरने, म्हणजे या मागेपुढेपणाचा हिशोब धरणाऱ्या एकपेक्षा लहान संख्येने, गुणावं लागतं. हीटर किंवा इस्त्रीला ही भानगड नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सॉकेटच्या मागे स्क्रूखाली धरलेला वायरचा सांधा. घट्ट असेल तर त्याचा रोध नगण्य. तो ढिला होऊन 0.2 ओहम झाला असं समजा. त्यातून 10 अँपिअर वाहतोय. करंटचा वर्ग शंभर, गुणिले 0.2, म्हणजे 20 वॅट. हीटरच्या दोन हजार वॅटपुढे हा आकडा किरकोळ वाटतो, पण ही सगळी उष्णता नखाएवढ्या जागेत, प्लास्टिकला लागून तयार होतेय. करंट दुप्पट झाला तर 80 वॅट. उष्णतेने धातू गंजतो, रोध आणखी वाढतो, उष्णताही वाढते. आणि एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच, पडत नाही, कारण सांधा ढिला झाल्याने करंट वाढलेलाच नाही!

हा दोष वीज बंद करून मीटरने शोधायला गेलात तर बहुधा हाती लागणार नाही. 0.2 ओहम तर मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच असतो. म्हणून अनुभवी इलेक्ट्रिशियन लोड, म्हणजे हीटरसारखं उपकरण, चालू ठेवून सांध्याच्या दोन बाजूंमधलं व्होल्टेज मोजतो. चांगल्या सांध्यावर काही मिलिव्होल्ट दिसतात. तिथे 2 व्होल्ट दिसले आणि करंट 10 अँपिअर असला की भागाकार 0.2 आणि गुणाकार 20. मग मेन स्विच बंद करून तो स्क्रू उघडायचा, काळं पडलेलं वायरचं टोक कापायचं आणि नवं टोक सोलून पुन्हा घट्ट आवळायचं.