निरीक्षण गृहातला मुलगा आणि मानसशास्त्रज्ञाचा अहवाल

नमस्कार श्रोतेहो.

17 वर्षांचा एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. टोळक्याच्या मारामारीत चाकू निघाला, समोरचा पोरगा गेला. आता हा निरीक्षण गृहात आहे. आपण सवयीने रिमांड होम म्हणतो. खटला बाल न्याय मंडळातच चालला, तर जास्तीत जास्त 3 वर्षं विशेष गृहात. बाल न्यायालयाकडे, म्हणजे मंडळाच्या वरच्या कोर्टाकडे गेला, तर मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो. फाशी नाही, पण जन्मठेप होऊ शकते.

खटला कुठे चालवायचा हे ठरवायचं मंडळाने, पण त्यासाठी मानसशास्त्रज्ञाचा अहवाल मागवला जातो.

2012 च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेत एक आरोपी अल्पवयीन होता. त्यानंतर अल्पवयीन ठरवणारं अठराचं वय खाली आणा, अशी मागणी उठली. कायद्यातले बदल सुचवायला नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने ती मानली नाही. तरीही 2015 चा बाल न्याय कायदा आला. त्याच्या कलम 15 प्रमाणे 16 ते 18 वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर गुन्हा करण्याची त्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि परिस्थिती तपासायची. मंडळात बालमानसशास्त्राची पदवी असलेलं कुणी नसेल, तर तज्ज्ञांची मदत घेतलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावलं. चांगलं झालं. पण तज्ज्ञाने सांगायचं काय?

महिन्यांपूर्वीच्या एका रात्री या मुलाच्या मनात काय होतं, हे मोजणारी चाचणी नाही. बुद्ध्यांक काढता येतो, पण तो या कामासाठी नाही. ‘चाकू मारला तर माणूस मरतो का?’ असं शांत खोलीत विचारलं, तर कुठलाही मुलगा ‘हो’ म्हणेल. मित्र चिथावत असताना, डोकं तापलेलं असताना तीच समज कितपत कामी येते, हा खरा प्रश्न. किशोरवयात दोस्तांसमोर जोखीम घेण्याची ओढ वाढते, हे तर संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसलंय.

माझ्या मते मानसशास्त्रज्ञाने दोन गोष्टी कराव्यात. घर, शाळा कधी सुटली, व्यसन, मारझोड, हे सगळं खोदून लिहावं. परिस्थिती तपासा असं कायदाच म्हणतो. आणि गुन्ह्याच्या क्षणीच्या क्षमतेबद्दल सांगता येत नसेल, तर अहवालात स्पष्ट लिहावं: सांगता येत नाही. मंडळाला ते आवडणार नाही कदाचित. पण असे अहवाल साठत गेले, तर कलम 15 चा फेरविचार करताना संसदेपुढे ठेवायला काहीतरी हाती असेल.