दांडिया बाजार ते फ्रीटाउन: एका सिस्टरची तयारी

(दृश्य: बडोदा, दांडिया बाजार. जुन्या वाड्याचा दुसरा मजला. पलंगावर उघडी बॅग, शेजारी वजनकाटा.)

विमानात २३ किलो नेता येतात. काटा २६ दाखवतोय. बॅगेतून काय काढायचं यावरून मायलेकींचं मघापासून चाललंय. मेतकूट आणि भाजणीला हात लावायचा नाही, असं आईंचं म्हणणं. सिस्टर म्हणतात, वॉर्डातले बूट आणि पुस्तकं राहू दे, बाकी काय हवं ते काढ. शेवटी दोन साड्या आणि एक चादर बाहेर आली. भाजणी राहिली.

वाड्यात यांना नावाने कोणी हाक मारत नाही. भाजीवाला, रिक्षावाला, खालच्या मजल्यावरचे काका, सगळ्यांच्या त्या सिस्टर. आम्हीही तेच म्हणणार आहोत.

(दृश्य: जहाज. संस्थेने दिलेली चित्रं. पांढरं जहाज, धक्क्यावर रांग.)

सिस्टर जिथे निघाल्या आहेत ते हॉस्पिटल पाण्यावर आहे. ‘ग्लोबल मर्सी’ हे त्याचं नाव. लांबी १७४ मीटर. आत ६ ऑपरेशन थिएटर आणि सुमारे २०० खाटा. मर्सी शिप्स या संस्थेचं हे जहाज २०२३ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनच्या फ्रीटाउन बंदरात दाखल झालं. इथे शस्त्रक्रियेचे पैसे घेत नाहीत. दुभंगलेले ओठ, हर्निया, गळ्यावरच्या आणि जबड्यावरच्या मोठाल्या गाठी, भाजल्यानंतर आखडलेले हातपाय, अशा शस्त्रक्रिया होतात. सर्जनपासून स्वयंपाक्यापर्यंत जवळजवळ सगळे स्वयंसेवक. पगार नाही. उलट प्रवासाचा आणि जहाजावर राहण्याजेवणाचा खर्च आपला आपण भरायचा.

संस्था ख्रिस्ती आहे. सिस्टरनी हे घरी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आईंनी एवढंच विचारलं, की तिथे वरणभात मिळेल का.

(दृश्य: जेवणाच्या टेबलावर कागद. पिवळी पुस्तिका, जवळून.)

ही पिवळी पुस्तिका पासपोर्टइतकीच जपायची. पीतज्वराची लस घेतल्याचा हा दाखला. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारने नेमलेल्या मोजक्या केंद्रांतच जावं लागतं. तिथे आधी विचारतात, अंड्याची ॲलर्जी आहे का? कारण लस अंड्यात वाढवलेली असते. टोचल्यानंतर १० दिवसांनी दाखला लागू होतो आणि मग तो जन्मभर चालतो. २०१६ पर्यंत दर दहा वर्षांनी पुन्हा टोचून घ्यावं लागायचं.

हा दाखला जाताना लागतो आणि येतानाही लागतो. नसेल तर परतल्यावर ६ दिवस वेगळं ठेवतात. भारतात पीतज्वर नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आहे. डेंग्यूचा तोच. घराघरांत. एक आजारी माणूस आणि एक डास, एवढ्यावर भागतं. म्हणून विमानतळावरचे आरोग्य अधिकारी इथे कोणाचं ऐकत नाहीत.

पुस्तिकेखाली बाकीचा गठ्ठा. जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र. राज्याच्या नर्सिंग कौन्सिलचं पत्र, की यांची नोंदणी चालू आहे आणि यांच्यावर कारवाई झालेली नाही. पोलिसांचा दाखला. जीवरक्षक प्रशिक्षणाचं ताजं कार्ड. मलेरियाच्या गोळ्या: डॉक्सिसायक्लिन, रोज एक. निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायची आणि परत आल्यावर ४ आठवडे चालू ठेवायची. रक्तगटाचं कार्डही आहे, कारण जहाजावर मोठी रक्तपेढी नाही. रक्त लागलं की त्या गटाच्या कर्मचाऱ्याला बोलावतात. सिस्टरचा गट ओ पॉझिटिव्ह. “म्हणजे मला बोलावणारच,” त्या म्हणाल्या, आणि पुढचा कागद फाइलला लावला.

(दृश्य: बडोद्यातला वॉर्ड. चेहरे दाखवलेले नाहीत. फक्त सिस्टरचे हात.)

आता हे हात बघा.

बांगडी नाही, अंगठी नाही. घड्याळ मनगटावर नाही, खिशाशी उलटं टांगलेलं. कोपरापर्यंत हात धुता यावेत म्हणून. हा प्लास्टिक सर्जरीचा वॉर्ड. दिवाळीत इथे भाजलेले येतात आणि उत्तरायणात मांजाने कापलेले. १४ जानेवारीला बडोद्याची प्रत्येक गच्ची भरलेली असते, आणि संध्याकाळपर्यंत या वॉर्डातल्या खाटाही.

समोरच्या खाटेवर एक मुलगी आहे. उकळतं तेल सांडून हात भाजला होता. जखम भरली, पण भरताना कातडी आकसली आणि कोपर दुमडलं ते दुमडलंच. सर्जनने आकसलेली कातडी सोडवली, मांडीवरून पातळ थर काढून तिथे बसवला. आज पहिलं ड्रेसिंग उघडायचं.

बँडेज उलगडलं. कापूस निघाला. शेवटी राहिली जाळीची पट्टी, चिकटलेली. सिस्टरनी सलाइनची बाटली तिरकी केली. धार नाही, थेंब थेंब. आणि मग त्या थांबल्या. मुलीला शाळेतल्या मैत्रिणींची नावं विचारली. पुन्हा थोडं सलाइन. पुन्हा थांबल्या. हे थांबणं आम्ही एडिटिंगमध्ये कापणार होतो. कापलं असतं तर काम कुठे होतं तेच दिसलं नसतं. पट्टीचा कोपरा आपसूक सुटला तेव्हा चिमटा हातात आला.

खाली नवी कातडी. गुलाबी, म्हणजे धरली आहे. एका जागी मात्र फुगवटा. खाली पाणी साचलंय. ते राहिलं तर कातडी खालच्या मांसाला टेकत नाही, तिला रक्त मिळत नाही, आणि तेवढा तुकडा मरतो. थिएटरमधली सगळी मेहनत चमचाभर पाण्यात जाते. सिस्टरनी ओला बोळा घेतला आणि ते पाणी हळूहळू कडेला सरकवत बाहेर काढलं. मुलगी एकदाच ओरडली, तेही मांडीचं ड्रेसिंग हललं म्हणून. कातडी जिथून काढतात तिथे जास्त दुखतं.

मग पट्टा. कोपर सरळ ठेवून मागून आधार. मुलीला हात दुमडून पोटाशी धरायचा आहे. तसंच बरं वाटतं. भाजलेल्या माणसाला ज्या स्थितीत बरं वाटतं त्याच स्थितीत अवयव आखडतो. म्हणून रात्री दोनला उठून पट्टा नीट आहे का ते बघावं लागतं. हे सर्जन बघत नाही. नर्स बघते.

फ्रीटाउनच्या वॉर्डात हेच काम आहे. तिथेही चुलीवरचं तेल आणि उकळतं पाणी. तिथेही मुलंच जास्त. फरक एवढाच, की वेळेवर सर्जन मिळत नाही, आणि हनुवटी छातीला चिकटलेली मुलं तशीच मोठी होतात. सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया जगातल्या सुमारे ५०० कोटी माणसांच्या आवाक्याबाहेर आहे, असं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ मध्ये मांडलं. सिएरा लिओनने ११ वर्षं यादवी युद्ध सोसलं, २००२ ला ते संपलं. मग २०१४ ला इबोला आला. जवळजवळ ४,००० माणसं गेली. त्यांत नर्स कितीतरी होत्या.

(दृश्य: बडोद्याचा सूरसागर तलाव, संध्याकाळ. मग जुनी छायाचित्रं.)

या शहराला माणसं परदेशी पाठवण्याची जुनी सवय आहे. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. सयाजीरावांच्या काळात असे कितीतरी तरुण शिकायला बाहेर गेले. नर्सिंगसाठी कोणाला पाठवल्याची नोंद आमच्या वाचनात आलेली नाही.

मराठी माणसाला वैद्यकीय मोहीम म्हटलं की सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात, आणि आठवावेतच. १९३८ ला भारतातून चीनला पथक गेलं. डॉ. अटल, डॉ. चोळकर, डॉ. कोटणीस, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी. पाच डॉक्टर. नर्स एकही नाही. तिथे कोटणीसांनी लग्न केलं ते मात्र एका नर्सशी, गुओ चिंगलान यांच्याशी.

मुलीने नर्स व्हावं असं आपल्या घरांत पूर्वी कोणाला वाटायचं नाही. रात्रपाळी, परपुरुषांच्या जखमा, लोक काय म्हणतील. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने बायकांना या कामाचं शिक्षण द्यायला घेतलं तेव्हाही हेच ऐकावं लागलं. सिस्टरच्या आजीही हेच म्हणाल्या होत्या. आता बोलणं बदललंय. आता शाल-श्रीफळ देतात. गेल्या रविवारी सिस्टरचा सत्कार झाला, चार भाषणं झाली, चारही वक्ते त्यागावर बोलले. हाताच्या कसबावर एकही नाही. त्या सत्काराचं चित्रीकरण आहे आमच्याकडे. वापरलेलं नाही.

(दृश्य: प्रशिक्षणाची खोली. जमिनीवर पुतळा.)

छातीवर दाब. मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर. ३० दाब, २ श्वास. सिस्टर मोजतात गुजरातीत: एक, बे, त्रण. शिकल्या त्याच भाषेत. नव्या मुली बघतायत. एकीचा हात कोपरात वाकतो. सिस्टर काही न बोलता तिच्या कोपरावर टिचकी मारतात. हात सरळ.

रात्री मोबाइलवर क्रिओचे धडे. सिएरा लिओनची ही बोली. “हाउ दि बॉडी?” म्हणजे कसं काय, बरं आहे ना. “दि बॉडी फाइन.” वॉर्डात दुभाषे असतात, तिथलेच स्थानिक लोक. पण रात्री तीनला कळवळणाऱ्या पोरापाशी दुभाषा येईपर्यंत दोन शब्द आपल्याकडे हवेत, असं सिस्टरना वाटतं. आई शेजारी बसून मुलीची उजळणी घेतात. आईंचे उच्चार जास्त चांगले आहेत.

(दृश्य: घर. भिंतीवरचं कॅलेंडर.)

तीन महिन्यांची रजा बिनपगारी आहे. पैसे भिशीतून उभे राहिले. वॉर्डातल्या नर्सनी आपला नंबर मागे घेऊन यांचा पुढे केला. आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललंय. वॉर्डात एक नर्स कमी, बदली माणूस दिलेला नाही, तिच्या पाळ्या बाकीच्या वाटून घेतील.

(दृश्य: बडोदा स्टेशन, रात्र. मुंबईकडची गाडी.)

शेजारच्या काकी स्टेशनवर आल्या आहेत. “आटला दूर?” असं त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. हो, लांब आहे. मुंबई, तिथून विमान बदलत सिएरा लिओनचा लुंगी विमानतळ. तो खाडीच्या पलीकडे आहे, त्यामुळे शहरात जायला पुन्हा बोट. तिथलं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे. पोचल्यावर लगेच वॉर्ड नाही. आधी जहाजाची ओळख आणि आगीची कवायत. ही कवायत सर्जननाही चुकत नाही, याचा सिस्टरना विशेष आनंद आहे.

बॅग वर चढवली. २३ किलो भरली होती. आईंनी स्टेशनवर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा आणला, तो खांद्यावरच्या पिशवीत गेला.

आमचा कॅमेरा इथपर्यंतच. जहाजावर रुग्णांचं चित्रीकरण परवानगीशिवाय करता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. तिथलं जे काही आहे ते सिस्टर परत आल्यावर सांगतील. आल्यावर रजा शिल्लक नाही, थेट ड्युटीवर.