पाच सेकंदांचा एक खण

(जुनं कृष्णधवल चित्रण. बाहुला आडवा होतो, पुन्हा उठतो.)

हा बोबो. आत हवा, बुडाशी वजन. कितीही हाणा, डोलत डोलत परत उभा.

आता सांगा, त्याला हाणणारं मूल 'आक्रमक' आहे हे कशावरून ठरवायचं? डोळे वटारले म्हणून? ओरडलं म्हणून? तिघांना विचारलंत तर तीन उत्तरं येतील. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत अल्बर्ट बँड्युरा, डोरोथिया रॉस आणि शीला रॉस यांनी ७२ मुलांवर केलेला प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाला. मुलं तीन ते पावणेसहा वर्षांची. प्रश्न असा: मोठ्यांनी बोबोला मारताना पाहिलं, तर मुलं नक्कल करतात का? काहींना मारहाण दाखवली, काहींना नाही.

(मोठं माणूस बोबोवर बसतं.)

ही मारहाण मनाला येईल तशी नाही. आडवं पाडून अंगावर बसायचं, नाकावर ठोसे. उचलून लाकडी हातोडा डोक्यात. वर भिरकावायचं, खोलीभर लाथाडायचं. हाच क्रम साधारण तीनदा. एवढी नाटकी मारहाण कशाला? बोबो दिसला की मुलं ठोसा मारतातच, ते शिकवावं लागत नाही. म्हणून नुसता ठोसा अनुकरणात धरलाच नाही, त्याला वेगळा रकाना. अंगावर बसून नाकावर मारलेला मात्र अनुकरणाचा. कार्यात्मक व्याख्येतली, म्हणजे नेमकं काय दिसलं की ते मोजायचं हे ठरवण्यातली, खरी मेहनत ही.

मग छान खेळणी हाती देऊन दोनेक मिनिटांत काढून घेतली. सगळीच मुलं थोडी चिडलेली हवीत.

(नोंदतक्ता. पेन्सिल.)

पुढची २० मिनिटं मूल बोबो असलेल्या खोलीत, एकतर्फी आरशाआडून नोंद. दर पाच सेकंदांचा एक खण, मुलामागे २४० खण. हातोडा बोबोवर पडला तर एक रकाना, दुसऱ्या वस्तूवर पडला तर दुसरा. नुसतं बोबोवर बसलं, मारलं नाही, तर तिसरा. अर्ध्या मुलांची नोंद दुसऱ्या निरीक्षकानं स्वतंत्रपणे घेतली, जुळणी ०.९०च्या घरात (१ म्हणजे तंतोतंत). एक खोट राहिलीच: पहिला निरीक्षक म्हणजे प्रयोगात मारहाण करून दाखवणारा पुरुष स्वतः. निदान त्याच्या गटातली मुलं कोणती, हे त्याला ठाऊक होतं.

मारहाण पाहिलेल्या मुलांनी नक्कल जास्त केली. मारण्यासाठीच बनवलेल्या बाहुल्याला हाणणं ही आक्रमकता की खेळ, हा वाद आजही आहे. दोघांच्या नोंदी जुळल्या म्हणून तो मिटत नाही.

(चित्र थांबतं. हातोडा हवेत.)

पाचवा सेकंद संपला. हातोडा अजून पडलेला नाही. रकान्यात 'मारणं' लिहिलंय, 'उगारणं' नाही.

खण कोरा.