सूर्य घराच्या खाली

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय शाळेतल्या चित्रकलेच्या तासाबद्दल. तास म्हणजे वेळापत्रकात असतो तेवढाच, परीक्षा जवळ आली की गणिताचे सर तो मागून घेतात आणि आपण "घ्या ना सर" म्हणतो. जाऊ द्या, तो विषय काढला तर इथेच वेळ संपेल.

तर नंदुरबार-शहाद्याकडचा कुठलाही वर्ग बघा. एका बाकावर गुजर शेतकऱ्याची मुलगी, शेजारी पावरा पोरगा, मागे भिल्ल, बंजारा, कोणाच्या घरी उर्दू, अहिराणी तर सगळीकडेच. आणि आपण सगळ्यांना फळ्यावर एकच निसर्गचित्र काढून देतो. दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, झोपडी, नदी, काठाला नारळ. आता खान्देशात नारळ कुठून आणला कोणास ठाऊक, पण पिढ्यान् पिढ्या काढतोय!

मी तिकडे ड्रॉइंग शिकवायचो तेव्हाची गोष्ट सांगतो. सातवीला निसर्गचित्र दिलं, फळ्यावर काही काढलं नाही. एक पावरा मुलगा होता, सातपुड्यातल्या धडगावच्याही वरचा, हॉस्टेलला राहायचा, वर्गात तोंड उघडायचा नाही. त्याने कागद उभा धरला, अगदी वर एक घर काढलं, लांब दुसऱ्या टेकडीवर दुसरं, कारण त्यांच्याकडे घरं अशी सुटी सुटीच असतात, ज्याच्या त्याच्या शेतात. तिथून एक वाकडीतिकडी वाट खाली खाली, आणि पार तळाला निळी रेघ, ती नर्मदा. मधला कागद कोरा. आणि सूर्य कुठे, तर घराच्या खाली!

पोरं खो खो हसली. "ए भो, डोंगरना डोक्यावर घर ऱ्हास का?" म्हणजे डोंगराच्या डोक्यावर घर असतं का? मी म्हटलं थांबा रे, आधी त्याला विचारू. हे कोरं काय आहे? म्हणे ढग. ढग खाली? "पावसाळ्यात खालीच असतात सर, घर वर आहे ना. सूर्य त्यातूनच निघतो." एवढंच बोलला आणि परत वाट रंगवायला लागला.

आता मजा पुढे. जो सगळ्यात जोरात हसला होता तो केळीवाल्याचा पोरगा, स्वतःच्या कागदाकडे बघत बसला बराच वेळ. मग म्हणतो, "सर, आमना मयामा नारय नही शे. खोडी टाकू का?" म्हणजे आमच्या मळ्यात नारळ नाही, खोडून टाकू का? झालं! अर्ध्या वर्गात खोडरबर फिरायला लागलं, नारळ गेले, केळीचे घड आले, ठिबकच्या काळ्या नळ्या आल्या. एका मुलीने मिरचीची पथारी काढली, म्हणजे मिरची वाळत घालतात ती जागा, अर्धा कागद नुसता लाल, तिचा खडू संपला तर शेजारणीचाही संपवला आणि त्यावरून भांडण, ते मलाच मिटवावं लागलं.

म्हणून म्हणतो, आधी विचारा. हे काय काढलंस, एवढंच विचारा, मग खोडरबर.

खडूवरून आठवलं. पोरं अजून "स्किन कलर" मागतात, म्हणजे तो गुलाबीसर खडू. आपल्या वर्गात कोणाची कातडी तशी आहे सांगा बरं? अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीने "फ्लेश" नावाच्या खडूचं नाव १९६२ सालीच बदलून "पीच" केलं. आपण तपकिरी, पिवळा, पांढरा मिसळायला देऊ, हात कागदाशेजारी ठेवून ज्याने त्याने आपला रंग जुळवावा.

आणि ते वारली! डहाणू-पालघरकडची कला, सुंदरच आहे, पण सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेतही भिंतीवर तीच, का तर आदिवासी म्हणून. अहो, इथे होळीला अंगावर पांढरे ठिपके, कमरेला भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा टोप घालून रात्रभर नाचतात, वर्गातल्या कोणाचा तरी काका त्यात असतो. त्या पोराला द्या की ती भिंत.

आणखी एक, काही मुलांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, मुलींपेक्षा मुलग्यांत हे जास्त. झाड तपकिरी रंगवलं म्हणून ओरडू नका, आधी विचारा, आणि खडूवरचा कागद फाडू देऊ नका, रंगाचं नाव त्यावरच असतं.

वेळ झाली. पुढच्या वेळी कागद कुठला घ्यावा त्यावर बोलू. नमस्कार.