नंबरप्लेटवरची चिकटपट्टी

(मंडळाच्या गणेशोत्सव मेळाव्यातलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं नीटनेटकं करून.)

मंडळी, नमस्कार.

अध्यक्षांचा फोन आला तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "मावशी, पंधरा मिनिटं बोला." आणि लगेच दुसरं, "पण राजकारण नको." हा आपल्या मंडळाचा जुना नियम आहे. तो ज्या बैठकीत झाला तिथे मी होते आणि बाजूने हातही वर केला होता. त्याच्या आधीच्या दिवाळीत एकाच टेबलावर दिल्ली आणि वॉशिंग्टन दोन्ही निघाले होते आणि बासुंदी अर्धी उरली होती. त्यामुळे नियम पाळते. आज पक्ष नाही, पुढारी नाही. बोलायचंय ते सरकार नावाच्या वस्तूबद्दल, मग ते कुणाचंही असो.

आधी एक फरक सांगते. मंडळाने मला "राजकारण नको" म्हटलं, ही काही माझी गळचेपी नव्हे. हॉल आपण वर्गणीतून घेतला आहे. नाही पटलं तर मी उठून जाईन, फार तर दुसरं मंडळ काढीन. (मराठी माणसाला दुसरं मंडळ काढायला कितीसा वेळ लागतो?) आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून मागे माझा एक मेसेज उडवला गेला. चिडले, दोन दिवस ॲडमिनशी बोलले नाही, संपलं. सरकारशी असा अबोला धरता येत नाही. त्याच्याकडे दंडाची पावती आहे, पोलिस आहे, कोठडी आहे, आणि त्याच्या हॉलमधून उठून जाता येत नाही. स्वतःला लिबर्टेरियन म्हणवणारे लोक जे काही सांगतात, त्याचं मूळ या फरकात आहे. माणसामाणसांनी राजीखुशीने काय ठरवायचं ते ठरवावं. ज्याच्या हातात दांडका आहे, त्याने मात्र आपला हात आखडता ठेवावा.

आपण राहतो त्या अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याला हे लोक आपलं माहेर मानतात. पगारावर राज्याचा आयकर नाही, सेल्स टॅक्स नाही, मोठ्या माणसाला सीटबेल्टची सक्ती नाही. विधानसभेत चारशे सदस्य आणि त्यांचा पगार वर्षाला शंभर डॉलर. एवढ्या पगारात कोण काय सत्ता गाजवणार, असा हिशोब असावा. पण याच राज्यात दारूची दुकानं सरकारची आहेत, तीही हायवेला लागून! म्हणजे बेल्ट न लावता गाडी चालवा आणि वाटेत सरकारकडूनच बाटली घ्या. तत्त्वाला कुठेतरी गल्ल्याची सोय पाहावी लागतेच. मी स्वतः बेल्ट लावते आणि मेडिकेअर, म्हणजे म्हातारपणाचा सरकारी आरोग्य विमाही घेते, त्यामुळे कट्टर लोकांच्या पंगतीत मला पाट मिळणार नाही. पण त्यांची एक गोष्ट मला मनापासून पटते आणि ती आपल्या सगळ्यांच्या गाडीच्या मागे लिहिलेली आहे.

"लिव्ह फ्री ऑर डाय." जगाल तर मोकळे जगा, नाहीतर मरा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले जनरल जॉन स्टार्क यांनी १८०९ मध्ये जुन्या लढाईच्या स्मरणसोहळ्याला पाठवलेल्या पत्रातलं हे वाक्य. तब्येत बरी नव्हती, प्रवास झेपणार नव्हता, म्हणून पत्र. १९४५ मध्ये ते राज्याचं ब्रीदवाक्य झालं आणि पुढे नंबरप्लेटवर आलं. या पाट्या बनतात कुठे, तर कॉन्कर्डच्या तुरुंगात. कैदी बनवतात.

आता जॉर्ज मेनार्ड यांची गोष्ट. क्लेअरमाँटला राहणारे, साधे गृहस्थ. घरात दोन गाड्या, एक टोयोटा कोरोला आणि एक प्लिमथ स्टेशन वॅगन. नवरा-बायको दोघं यहोवाज विटनेस या ख्रिस्ती पंथाचे. त्यांचं म्हणणं असं की आमचं खरं राज्य देवाचं. ते आम्हाला अनंत जीवन देणार आहे. मग या राज्यासाठी मरायची भाषा आम्ही आमच्या गाडीवर का मिरवायची? म्हणून १९७४ मध्ये त्यांनी पाटीवरच्या त्या शब्दांवर चिकटपट्टी लावली. गल्लीतली पोरं ती पट्टी काढून टाकायची. हे पुन्हा लावायचे, पोरं पुन्हा काढायची. शेवटी वैतागून त्यांनी पत्रा कापण्याची कात्री घेतली, "ऑर डाय" एवढा तुकडा पाटीतून कापूनच टाकला आणि त्या भोकावर आणि उरलेल्या "लिव्ह फ्री"वर परत पट्टी लावली. कोर्टाच्या निकालपत्रात हे सगळं आहे, पोरांसकट. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपल्या वाड्यातले आजोबा आठवले.

पाटीवरची अक्षरं झाकणं हा कायद्याने गुन्हा होता. नोव्हेंबरात पहिली पावती मिळाली. पंचवीस डॉलर दंड झाला, पण तो तहकूब ठेवला. महिनाभरात दुसरी पावती, पन्नास डॉलर. आता दोन्ही मिळून पंच्याहत्तर भरा म्हणून हुकूम झाला. मेनार्ड कोर्टात वकिलाशिवायच उभे होते. म्हणाले, माझी सदसद्विवेकबुद्धी मला हे पैसे भरू देत नाही. झालं, पंधरा दिवस आत. "मोकळे जगा" हे वाक्य झाकलं म्हणून न्यू हॅम्पशायरने एका माणसाला कोंडून ठेवलं. असा विनोद रचायला बसलं तर सुचणार नाही.

प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. २० एप्रिल १९७७ ला सहा विरुद्ध तीन मतांनी मेनार्ड जिंकले. राज्याचं म्हणणं होतं की ब्रीदवाक्यामुळे गाडी ओळखता येते आणि लोकांच्या मनात राज्याचा अभिमान जागतो. कोर्ट म्हणालं, ओळखायला आकडे आहेत. आणि अभिमान जागवायचा तर जागवा, पण त्यासाठी नागरिकाच्या खासगी गाडीचा चालता फलक करता येणार नाही. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींनी एक खोचक मुद्दा काढला होता. मग नोटेवरच्या "इन गॉड वुई ट्रस्ट"चं काय, नास्तिकाने नोटा वापरायच्या नाहीत? बहुमताचं उत्तर असं की नोट या खिशातून त्या खिशात जाते, ती कुणी छातीवर लावून फिरत नाही. मला हे उत्तर पुरतं पटलेलं नाही, पण निकाल पटतो. कारण आपण अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हटलं की बोलू देण्याचाच विचार करतो. टिळकांवरचे खटले, जप्त झालेले अंक, बंदी आलेली नाटकं. तोंड दाबण्याचा इतिहास आपल्याला पाठ आहे. तोंडात शब्द कोंबणं हीसुद्धा तीच सत्ता, हे चटकन लक्षात येत नाही, कारण कोंबलेले शब्द बहुतेक वेळा छानच असतात. मोकळे जगा. देशावर प्रेम करा. त्यात वाईट काय आहे?

याच पंथाच्या मुलांनी पूर्वी शाळेत झेंड्याला सलामी द्यायला नकार दिला होता. १९४० मध्ये सुप्रीम कोर्ट त्यांच्या विरुद्ध गेलं आणि तीनच वर्षांत, भर महायुद्धात, तेच कोर्ट स्वतःचा निकाल फिरवून मुलांच्या बाजूने उभं राहिलं. तो निकाल समुद्र ओलांडून आपल्याकडेही आला. १९८५ मध्ये केरळच्या एका शाळेतून तीन भावंडांना काढून टाकलं. राष्ट्रगीताला ती नीट, अदबीने उभी राहायची, फक्त गायची नाहीत. बिजो इमॅन्युएल खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. १९८६ मध्ये न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांच्या पीठाने मुलांना शाळेत परत घ्यायला लावलं. बोलण्याच्या हक्कात गप्प राहण्याचा हक्कही येतो, हे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने या तीन पोरांमुळे सांगितलं.

पुण्याला गेले की मी थिएटरमध्ये राष्ट्रगीताला उभी राहते. अंगावर काटाही येतो, अजून येतो. पण २०१६ मध्ये पणजीच्या मल्टिप्लेक्समध्ये एका लेखकाला मागून फटका बसला, कारण तो उभा राहिला नाही. त्याच्या पाठीच्या कण्याला इजा झालेली, तो व्हीलचेअर वापरणारा. त्याच वर्षी नोव्हेंबरात सगळ्या देशासाठी सक्तीचा आदेश आला आणि २०१८ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेच तो सैल केला. फटका आदेशाच्या आधीचा आहे, हे खरं. पण भक्ती तपासायला बसलेल्या शेजाऱ्याच्या हातात कायदाही दिला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

आता आपल्या माणसाबद्दल. शरद जोशी. इथे सातारा-पुण्याकडचे बरेच जण बसलेत, त्यांना कांद्याची आंदोलनं आठवत असतील. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत मोठी नोकरी होती. ती सोडून आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन कसायला लागले. आपल्यातला कुणी असं करील? मी नाही केलं. "शेतकऱ्याचे मरण हेच सरकारचे धोरण" ही त्यांची घोषणा आपण आंदोलनाची घोषणा म्हणून ऐकली, पण तिच्यात अख्खं अर्थशास्त्र आहे. निर्यातबंदी घालून भाव पाडायचा आणि मग पडलेल्या शेतकऱ्याला अनुदान द्यायचं, यापेक्षा आमच्या वाटेतून बाजूला व्हा, असं ते सांगत होते. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर पुन्हा निर्यातबंदी आली तेव्हा जोशी जाऊन आठ वर्षं झाली होती. लासलगावची गोष्ट मात्र तीच.

पण मला आज त्यांची दुसरी, कमी माहीत असलेली लढाई सांगायची आहे. भारतात पक्षाची नोंदणी करायची तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ प्रमाणे लिहून द्यावं लागतं की आमची समाजवादावर निष्ठा आहे. ही अट १९८९ पासून आहे. ज्याला समाजवादच मान्य नाही आणि लोकांकडे जाऊन तेच सांगायचं आहे, त्याने काय करायचं? पहिल्याच कागदावर खोटं लिहायचं. जोशींनी १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. पुढे राज्यसभेत गेल्यावर हा शब्द कायद्यातून काढा म्हणून त्यांनी खासगी विधेयक आणलं. काही झालं नाही, अट अजून आहे. समाजवाद चांगला की वाईट, हा वाद बासुंदी संपल्यावर घालू. पण ही मेनार्ड यांचीच नंबरप्लेट आहे, फक्त पक्षाच्या गाडीला लावलेली.

हेच जोशी ९ मार्च २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकाच्या विरोधात एकटे उभे राहिले. १८६ विरुद्ध १. शेतीची जमीन बायकांच्या नावावर करायला हजारो शेतकऱ्यांना राजी करणारा माणूस! मला ते मत तेव्हा आवडलं नाही, आजही आवडत नाही. पण तो "१" आकडा मी विसरत नाही.

या विचाराच्या लोकांची एक खोडही सांगते, नाहीतर एकतर्फी होईल. आपल्यापासून तासाभराच्या आतबाहेर क्रॉयडन नावाचं गाव आहे, वस्ती जेमतेम आठशे. मार्च २०२२ मध्ये तिथल्या गावसभेत, बर्फ पडत असताना, एकाने उठून शाळेचं बजेट सतरा लाख डॉलरवरून आठ लाखांवर आणायची सूचना मांडली. वीस विरुद्ध चौदा मतांनी ती मंजूरही झाली. बाकीचं गाव घरी शेकत बसलेलं. सकाळी उठून पाहतात तो मुलांची शाळा अर्धी. मे महिन्यात गावाने पुन्हा सभा बोलावली आणि निर्णय फिरवला, ३७७ विरुद्ध २. सरकार कमी करा म्हणणाऱ्यांनी शेजाऱ्यांना न विचारता हात मारला की तीही दांडकेशाहीच. आणि खरं सांगा, आपल्यापैकी किती जण गावसभेला जातात? मी पंचवीस वर्षांत दोनदा गेले. त्यातली एक वेळ फुकट डोनटसाठी.

आता शेवटचं, आणि हे लिहून आणलेलं नाही. जून २०२५ पासून अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना सोशल मीडियाची खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायला सांगतात. आपल्या ढोलपथकातला एक मुलगा, नाव सांगत नाही, मागच्या रविवारी सराव संपल्यावर माझ्याशेजारी येऊन बसला. त्याला व्हिसा नवा करायला भारतात जायचंय. म्हणाला, "काकू, दोन वर्षांपूर्वी एका पोस्टला लाइक केलं होतं. ठेवू का?" पोस्ट पाहिली. त्यात कुणाला शिवी नव्हती, धमकी नव्हती. एका मोर्चाचा फोटो होता.

मेनार्डचा निकाल मला तोंडपाठ आहे. हे भाषण तेव्हा अर्धं लिहून झालं होतं. आणि मी त्याला म्हटलं, "काढून टाक रे बाबा."

त्याने माझ्यासमोरच काढलं. मग ताशाची काडी उचलली आणि परत सरावाला गेला.